भारतातली एलएल.बी. आणि कॅनडातली सनद

कॅनडात वकिली करायचं मनात असेल तर एलएल.एम.चा फॉर्म भरण्याआधी एनसीएचा, म्हणजे परदेशी कायद्याचं शिक्षण तपासणाऱ्या तिथल्या समितीचा, फॉर्म भरा. एवढं एक वाक्य मला कोणी वेळेवर सांगितलं असतं तर माझे नऊ महिने वाचले असते, म्हणून ते सगळ्यात आधी लिहिते आहे.

मी पदवीनंतरचं तीन वर्षांचं एलएल.बी. केलं, सनद घेतली आणि सात वर्षं जिल्हा न्यायालयात काम केलं. दिवाणी दावे जास्त, जामिनाचे अर्ज अधूनमधून. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही टोरांटोला आलो आणि पहिल्याच महिन्यात एका शिक्षण सल्लागाराने मला सांगितलं की परदेशी डिग्री इथे चालत नाही, एलएल.एम. करावंच लागेल. मी विश्वास ठेवला. शिफारसपत्रं जमवली, प्रवेशासाठीचा निबंध तीनदा लिहिला, फीसाठी कर्जाची चौकशी करून ठेवली. मग एका ओळखीच्यांच्या घरी नायजेरियात शिकलेल्या एक वकीलबाई भेटल्या. त्यांनी पहिला प्रश्न केला, "तुझ्या असेसमेंटच्या पत्रात काय आलंय?" माझ्याकडे असं काही पत्रच नव्हतं.

पत्र आधी, एलएल.एम. नंतर

एनसीए म्हणजे नॅशनल कमिटी ऑन अ‍ॅक्रेडिटेशन. कॅनडात प्रत्येक प्रांताची आपापली लॉ सोसायटी असते आणि वकिलीचा परवाना तीच देते. या सगळ्या सोसायट्यांच्या महासंघाची ही समिती. तुम्ही परदेशात शिकलेला कायदा कॅनडातल्या जे.डी. या कायद्याच्या पदवीच्या तोडीचा व्हायला नेमकं काय कमी आहे, हे ती तुमची कागदपत्रं पाहून लेखी कळवते. अर्ज भारतात बसूनही करता येतो. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही, पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) लागत नाही, व्हिसाही लागत नाही.

त्या पत्रात विषयांची यादी असते. पाच विषय तर येतातच: कॅनडाचा प्रशासकीय कायदा, राज्यघटना, फौजदारी कायदा, कॅनडाच्या कायद्याचा पाया आणि वकिलाची व्यावसायिक जबाबदारी. वर्गात बसून नियमित एलएल.बी. केलं असेल आणि गुण बरे असतील तर यादी बहुधा तिथेच थांबते. पदवी दूरशिक्षणाने घेतलेली असली, गुण फारच कमी असले किंवा करार, टॉर्ट (दिवाणी अपकृत्यं), मालमत्ता असे मूळ विषय मार्कशीटवर दिसत नसले, तर यादी लांबते. लीगल रिसर्च अँड रायटिंगची अट यापेक्षा वेगळी आहे, तीही पूर्ण करावी लागते. एकेका विषयाची एनसीएचीच परीक्षा देता येते, नाहीतर कॅनडातल्या लॉ स्कूलमध्ये तो विषय शिकून उत्तीर्ण होता येतं. सगळं झालं की सर्टिफिकेट ऑफ क्वालिफिकेशन मिळतं आणि ते घेऊन प्रांताच्या लॉ सोसायटीच्या दारात उभं राहायचं. क्वेबेकचं मात्र सगळं निराळं. तिथे दिवाणी बाबतीत फ्रेंच परंपरेतला सिव्हिल लॉ चालतो आणि एनसीएचं प्रमाणपत्र तिथल्यासाठी नसतं.

माझ्या पत्रात पाचच विषय होते. कर्ज काढून वर्षभर कॉलेजात बसायची मला गरजच नव्हती.

एलएल.एम. वाईट असं मी म्हणत नाही. ऑस्गुड हॉल, टोरांटो विद्यापीठ, यूबीसी (ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ) इथे खास परदेशी वकिलांना डोळ्यापुढे ठेवून बेतलेले कॅनेडियन कायद्याचे एलएल.एम. आहेत आणि त्यांत एनसीएचे विषय शिकवतात. एकट्याने अभ्यास जमत नसेल, इथे कोणी ओळखीचं नसेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर त्यातून शिक्षक आणि सोबती मिळतात, पुढे नोकरी शोधताना त्याचा उपयोग होतो. पण माझ्या ओळखीच्या एकाने आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्यात एलएल.एम. केलं आणि मग एनसीएकडे अर्ज केला. त्याच्या एलएल.एम.मधला एकही विषय त्या पाचांत बसला नाही. पाचही परीक्षा त्याला द्याव्याच लागल्या. पत्र आधी हातात असतं तर त्याने अभ्यासक्रम त्या यादीला धरून निवडला असता.

कॅनडाशिवाय दुसरीकडे

हे थोडक्यात सांगते, कारण मी स्वतः त्या वाटेने गेले नाही. माझ्या बॅचमधले लोक गेले, त्यांच्याशी बोलून आणि नियम वाचून जेवढं पक्कं कळलं तेवढंच लिहिते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये सॉलिसिटर व्हायचं असेल तर 2021पासून एसक्यूई नावाची परीक्षा आहे. तिचा पहिला टप्पा 360 बहुपर्यायी प्रश्नांचा, 180चे दोन पेपर. दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष कामाची 16 प्रात्यक्षिकं: 12 लेखी, 4 तोंडी. अशिलाची मुलाखत, कोर्टातला युक्तिवाद, मसुदा लिहिणं असं सगळं त्यात येतं. नव्या पदवीधराला याशिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो, पण ज्यांच्याकडे दुसऱ्या देशाची सनद आहे त्यांना ही अट नाही. त्यांना अनुभवाच्या जोरावर दुसऱ्या टप्प्यातून सूटही मागता येते. म्हणून भारतात सनद न घेताच इंग्लंडला धावू नका. ती सनद तिथे कामाला येते.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचं स्वतंत्र. न्यूयॉर्कचा नियम 520.6 नीट वाचा. तुमचं शिक्षण कालावधीने आणि आशयाने तिथल्याशी जुळतं का, हे ते दोन निकष लावून तपासतात. भारतातलं नियमित एलएल.बी. बऱ्याचदा दोन्हींत बसतं आणि थेट बार परीक्षेला, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेला, बसता येतं. एखादी बाजू लंगडी असेल तर तिथल्या मान्यताप्राप्त लॉ स्कूलचं 24 क्रेडिटचं एलएल.एम. करून ती भरून काढता येते, पण ते एलएल.एम. ठरलेल्या विषयांचं असावं लागतं. परीक्षेत 400पैकी 266 गुण लागतात. नीतिनियमांची एमपीआरई नावाची वेगळी परीक्षा आणि 50 तासांचं विनामोबदला कायदेशीर काम हेही आहेच. इथेही रांग तीच: आधी पात्रतेचं मूल्यमापन मागवा, मग कॉलेज बघा. कॅलिफोर्नियात दुसऱ्या देशाची सनद असलेल्या वकिलाला एलएल.एम.शिवायही बार परीक्षेला बसता येतं. ऑस्ट्रेलियात 11 ठरलेले विषय आहेत, प्रिस्टली इलेव्हन म्हणतात त्यांना. तुमच्याकडे त्यातले किती आहेत ते राज्याचं प्रवेश मंडळ सांगतं, उरलेले तिथे शिकायचे आणि मग प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण घ्यायचं.

कागदपत्रं आणि नाव

माझा सगळ्यात जास्त वेळ अभ्यासात गेला नाही, तो इथे गेला. भारत सोडायच्या आधी हा भाग वाचत असाल तर तुम्ही नशीबवान आहात, उद्याच विद्यापीठात जा.

पहिली गोष्ट: मार्कशीट वेगळी आणि ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांचा आणि गुणांचा विद्यापीठाने दिलेला एकत्रित उतारा, वेगळं. घरातल्या फाइलीत जपून ठेवलेल्या मार्कशीटा कितीही अटेस्ट केल्या तरी चालत नाहीत. एनसीएला ट्रान्सक्रिप्ट थेट विद्यापीठाकडून हवं असतं. तुमच्या हातातून गेलं की त्याचं मोल संपलं. एलएल.बी.चं लागतंच, त्याआधीच्या पदवीचंही लागतं.

माझ्यासाठी माझा भाऊ खिडकीवर उभा राहिला. चलन भरलं, अर्ज दिला, तीन आठवड्यांनी बोलावलं. कारकुनाने पाकीट बंद केलं, फ्लॅपवर गोल शिक्का अर्धा इकडे अर्धा तिकडे येईल असा मारला, त्यावर सही केली आणि पाकीट भावाच्या हातात ठेवलं. "तुम्हीच कुरिअर करा, आम्ही परदेशात पाठवत नाही." भावाने प्रामाणिकपणे कुरिअर केलं. पाठवणाऱ्याच्या जागी त्याचं नाव, त्याचा पत्ता. ते पाकीट मान्य झालं नाही आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. दुसऱ्या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. अर्जासोबत एनसीएचा पूर्ण पत्ता आणि माझा फाइल क्रमांक छापलेलं पत्र जोडलं, टपालखर्च आगाऊ भरला, ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाच्याच नावाने रवाना व्हावं अशी विनंती लेखी केली आणि पाकीट गेल्यावर जावक क्रमांक मागून घेतला. हा जावक क्रमांक विसरू नका. दोन महिन्यांनी चौकशी करायची वेळ आली तर त्या खिडकीवर तोच एक पुरावा चालतो. काही विद्यापीठं आता हे ऑनलाइन पाठवतात. तुमचं पाठवत असेल तर एनसीएला तो मार्ग चालतो का ते आधी ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

दुसरी गोष्ट: गुड स्टँडिंगचं प्रमाणपत्र. सनद असेल तर राज्याच्या बार कौन्सिलकडून लागतं. तुमचं नाव रोलवर (वकिलांच्या नोंदवहीत) आहे, तुमच्याविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई चालू नाही, असं ते सांगतं. ट्रान्सक्रिप्टचा अर्ज टाकाल त्याच आठवड्यात हाही टाका, एकामागून एक करत बसू नका.

तिसरी गोष्ट नाव, आणि ही बायकांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. माझ्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं नाव. बी.ए.च्या पदवीवर तेच, पण आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी. सनद लग्नानंतर काढली, म्हणून तिच्यावर सासरचं आडनाव. पासपोर्टवर माझं नाव, मध्ये नवऱ्याचं, शेवटी सासरचं आडनाव. आपल्याला यात काहीच वावगं दिसत नाही, पण परदेशातल्या टेबलावर त्या तीन वेगळ्या बायका असतात. मी एकाच व्यक्तीची ही सगळी नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं, विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातल्या नावबदलाची प्रत लावली, आणि वर एक पान जोडलं: डावीकडे कागदाचं नाव, उजवीकडे त्यावर छापलेलं माझं नाव, जसंच्या तसं. ते एक पान मी पुढे प्रत्येक ठिकाणी वापरलं, लॉ सोसायटीतसुद्धा. तुम्हीही आजच करून ठेवा.

पाच विषय

परीक्षा तीन तासांची, पुस्तकं उघडी ठेवून लिहायची, उत्तीर्ण व्हायला 50 टक्के. घरी बसून, कॅमेऱ्याच्या नजरेखाली. हे ऐकून मला वाटलं होतं की निम्मी लढाई जिंकलीच. आपण सात सात पेपर पाठ करून देणारी माणसं, पुस्तक समोर असताना काय अडणार! पहिला सराव पेपर मी प्रशासकीय कायद्याचा लिहिला आणि त्या नायजेरियन वकीलबाईंना दाखवला. प्रश्न असा होता: एका टॅक्सीचालकाचा परवाना नगरपालिकेने दोन ओळींच्या पत्राने रद्द केला, त्याला बोलावलं नाही, कारण दिलं नाही, त्याला सल्ला द्या. मी चार पानं लिहिली. नैसर्गिक न्यायाची तत्त्वं, त्यांचा इतिहास, दुसरी बाजू ऐकून घेण्याचं महत्त्व. त्यांनी शांतपणे सगळं वाचलं आणि शेवटच्या पानाखाली लाल शाईत एवढंच लिहिलं: टॅक्सीवाला कुठे आहे?

खरोखरच माझ्या चार पानांत त्याचा उल्लेख एकदा आला होता.

आपल्याकडच्या परीक्षेत कायदा सांगितला की गुण मिळतात. इथे कायदा दोन ओळींत सांगायचा आणि उरलेलं पान त्या माणसाच्या प्रसंगाला द्यायचं. मुद्दा काय, नियम काय, तो या माणसाला कसा लागू होतो, निष्कर्ष काय. इंग्रजी आद्याक्षरं जोडून याला इराक म्हणतात. तोच प्रश्न आता असा सोडवायचा: परवाना ही त्याची रोजीरोटी, म्हणून 1999च्या बेकर खटल्यातल्या पाच कसोट्यांपैकी निर्णयाचं त्या माणसाच्या दृष्टीने महत्त्व ही कसोटी जड. मग निर्णयाचं स्वरूप काय, कायद्यात अपिलाची सोय आहे का, आजवर नगरपालिका अशा वेळी नोटीस देत आली आहे का, कार्यपद्धती ठरवायचं स्वातंत्र्य तिला कायद्याने दिलंय का. प्रत्येक कसोटीला प्रश्नातली एक वस्तुस्थिती बांधायची. ती झाली की दुसरा मुद्दा, निर्णयाच्या गुणवत्तेचा: 2019च्या वाविलोव्ह निकालानंतर न्यायालय आधी निर्णय वाजवी आहे का एवढंच पाहतं, आणि कायद्याने अपील दिलं असेल तर कायद्याच्या मुद्द्यावर, किंवा घटनेचा प्रश्न असेल तर, बरोबर-चूक तपासतं. कारणच दिलेलं नाही, तर वाजवीपणा कशावरून ठरवणार? शेवटी मागणी काय करायची, तेही लिहायचं. एवढं दीड पानात बसतं.

खटल्यांच्या गोष्टी मुळातून वाचा, नुसत्या नोट्सवर जाऊ नका. वाविलोव्ह टोरांटोत जन्मलेला, त्याचे आईवडील खोट्या नावाने राहणारे रशियन हेर, आणि सरकारने त्याचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र रद्द केलं. मेव्हिस बेकर जमैकाहून आलेली, अकरा वर्षं कागदांशिवाय घरकाम करून राहिलेली, तिची चार मुलं कॅनडात जन्मलेली. माणसं डोळ्यासमोर असली की कसोट्या आपोआप लक्षात राहतात. सगळे निकाल कॅनली या संकेतस्थळावर फुकट मिळतात. लॉ सोसायट्यांच्या महासंघानेच ते उभं केलं आहे. आपण इंडियन कानून वापरतो तसंच, एका तासात हात बसतो.

राज्यघटना आपल्याला सोपी जाते, आणि त्यातच धोका आहे. अवशिष्ट अधिकार, म्हणजे कुठल्याही यादीत न आलेले, केंद्राकडे ठेवायची कल्पना आपण कॅनडाकडूनच घेतली, त्यामुळे 1867च्या घटना कायद्यातली केंद्र आणि प्रांतांचे अधिकार वाटून देणारी कलमं 91 आणि 92 वाचताना ओळखीचं घर वाटतं. पण मूलभूत हक्कांकडे आलात की सवयी बाजूला ठेवा. आपल्याकडे कलम 19मध्ये प्रत्येक स्वातंत्र्यासोबत त्याची वाजवी बंधनं जोडलेली आहेत. इथे 1982च्या हक्कांच्या सनदेत (चार्टरमध्ये) कलम 1 हेच सगळ्या हक्कांना एकत्रित लागू होणारं बंधन आहे आणि ते ओक्स खटल्यातल्या कसोटीच्या पायऱ्यांनी तपासायचं: हेतू पुरेसा महत्त्वाचा आहे का, उपायाचा हेतूशी तर्कसंगत संबंध आहे का, हक्काला कमीत कमी धक्का लावलाय का, फायदा आणि हानी यांचा तोल आहे का. पायरी गाळली की गुण गेले. शिवाय कलम 33 आहे. त्याखाली विधिमंडळ काही हक्क बाजूला सारून पाच वर्षांसाठी कायदा करू शकतं. आपल्याकडे असं काही नाही, त्यामुळे उत्तरात ते सुचतच नाही. मी एक चिठ्ठी लिहून स्क्रीनशेजारी चिकटवली होती, "33 विसरू नको."

फौजदारीत माझी मोठी चूक पुराव्याबाबत व्हायची. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पूरणमल खटल्यापासून आपल्या अंगात मुरलंय की झडती बेकायदा असली तरी सापडलेला पुरावा साधारणपणे चालतो. इथे प्रश्नात पोलिसांनी वॉरंटशिवाय डिकी उघडली असं आलं की थांबायचं. हक्कांच्या सनदेच्या कलम 24(2)खाली तो पुरावा वगळता येतो, आणि त्यासाठी 2009च्या ग्रँट खटल्यातली तीन अंगं तपासायची: पोलिसांचं वागणं किती गंभीर, आरोपीच्या हक्काला किती धक्का, आणि खटला गुणवत्तेवर चालण्यात समाजाचं हित किती. सात वर्षं कोर्टात घालवलेल्या माणसाला ही सवय मोडायला वेळ लागतो. नवख्या पदवीधराला कमी लागतो, हे मी प्रत्यक्ष पाहिलं.

व्यावसायिक जबाबदारीचा पेपर हलका समजून शेवटी ठेवू नका. आपल्याकडे वकिलाला जाहिरात करता येत नाही, निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही. इथे जाहिरात मर्यादेत चालते. ऑन्टारिओत निकालावर अवलंबून फीही चालते, फक्त फौजदारी आणि कौटुंबिक प्रकरणांत नाही. हितसंबंधांच्या संघर्षाचे नियम तर फारच कडक. आपल्या तालुक्याच्या कोर्टात एकाच घरातल्या दोघा भावांचं काम एकाच वकिलाने पाहणं कोणाला खटकत नाही. इथे तोच प्रश्न परीक्षेत येतो आणि उत्तर लिहिताना मनातला तो सहजपणा बाजूला सारावा लागतो. पायाभूत विषयात मूळ रहिवासी समाजांचे हक्क आणि 1982च्या घटनेचं कलम 35 हा भाग मनापासून वाचा. परीक्षेपुरता वाचला तर तो समजत नाही, आणि इथे वकिली करणाऱ्याला तो समजलाच पाहिजे असं मला ठामपणे वाटतं.

अभ्यासक्रम आणि वाचायची यादी एनसीए प्रत्येक विषयासाठी स्वतः प्रसिद्ध करते. दर परीक्षेला ती नवीन उतरवून घ्या, जुन्या विद्यार्थ्याच्या नोट्समध्ये रद्द झालेला निकाल असू शकतो. माझ्याकडे आलेल्या नोट्स वाविलोव्हच्या आधीच्या होत्या आणि पहिला आठवडा मी चुकीचा कायदा वाचत होते. मी एका वेळी दोन विषय घेतले: आधी पाया आणि राज्यघटना, मग प्रशासकीय आणि फौजदारी, शेवटी व्यावसायिक जबाबदारी. नोकरी करत असाल तर दोनापेक्षा जास्त घेऊ नका.

ऑन्टारिओची परीक्षा

एनसीएचं प्रमाणपत्र आलं की मी लॉ सोसायटी ऑफ ऑन्टारिओकडे नाव नोंदवलं. चारित्र्याविषयीचे प्रश्न असतात, त्यात काहीही लपवू नका. जुनी तक्रार, दिवाळखोरी, कॉलेजातली शिस्तभंगाची नोटीस, सगळं आपणहून सांगा. उघड केलेली गोष्ट बहुतेक वेळा निभावते, लपवलेली उघडी पडली तर तोच मोठा दोष ठरतो.

इंग्लंडसारखे कोर्टात उभे राहणारे बॅरिस्टर आणि कागदपत्रांचं काम पाहणारे सॉलिसिटर इथे वेगळे नाहीत, एकच माणूस दोन्ही होतो, म्हणून परीक्षा दोन. बॅरिस्टरच्या परीक्षेत दिवाणी, फौजदारी, कौटुंबिक आणि सार्वजनिक कायदा. सॉलिसिटरच्या परीक्षेत स्थावर मालमत्ता, व्यवसाय, मृत्युपत्र आणि वारसा. नीतिनियम दोन्हींत. सगळे बहुपर्यायी प्रश्न, पुस्तक उघडं. साहित्य सोसायटी स्वतःच देते, हजाराहून अधिक पानांचं. मी ते छापून घेतलं, स्पायरल करून विषयवार रंगीत पट्ट्या लावल्या आणि स्वतः इंडेक्स बनवला. तयार इंडेक्स विकत किंवा उसना मिळतो, पण स्वतः बनवताना जे वाचून होतं ते त्यात होत नाही. परीक्षेत एका प्रश्नाला दीड-दोन मिनिटं असतात. पान शोधायला तीस सेकंदांहून जास्त लागली तर पुढे सरका, नंतर परत या. घरी घड्याळ लावून हीच एक गोष्ट घोटा: शब्द ऐकला की पान उघडायचं. मी नवऱ्याला रोज रात्री इंडेक्समधला कुठलाही शब्द मोठ्याने वाचायला सांगायचे.

आर्टिकलिंग

परीक्षा झाल्या तरी वकील होत नाही. आठ महिन्यांचं आर्टिकलिंग लागतं, म्हणजे परवानाधारक वकिलाच्या हाताखाली काम. नाहीतर लॉ प्रॅक्टिस प्रोग्राम करायचा: चार महिने प्रशिक्षण आणि चार महिने कामावर नेमणूक. कॉमन लॉ देशात आधी प्रॅक्टिस केली असेल तर ती दाखवून यातून सूट मागता येते. मी मागितली नाही. माझं स्पष्ट मत आहे की सूट मिळत असली तरी आर्टिकलिंग करावं. तुम्हाला उलटतपास येत असेल, पण इथल्या कोर्टाचा फॉर्म कसा भरतात, समोरच्या वकिलाला ईमेलमध्ये कोणत्या सुरात लिहितात, अशिलाचा पैसा ट्रस्ट खात्यात कसा ठेवतात आणि त्याचा हिशेब कसा ठेवतात, हे पुस्तकात सापडत नाही.

जागा मिळणं अवघड आहे. मी साठहून जास्त पत्रं पाठवली. पहिल्या चाळीसांत मी लिहीत होते की मला सात वर्षांचा अनुभव आहे. कोणी उत्तर दिलं नाही. मग मी आकडा काढून काम लिहिलं: वाटणीच्या दाव्यात स्वतः घेतलेले साक्षीपुरावे, भाडेकरूच्या बाजूने मिळवलेला मनाई हुकूम, एका आठवड्यात बोर्डावर लागणारी प्रकरणं किती आणि ती एकटीने कशी सांभाळली. इथल्या नव्या पदवीधराने साक्षीदार प्रत्यक्ष तपासलेला नसतो. तुम्ही तपासला आहे. ते पहिल्या परिच्छेदात लिहा. मला घेतलं ते तीन वकिलांच्या एका छोट्या ऑफिसने, आणि मुलाखतीत त्यांनी फक्त त्या मनाई हुकुमाबद्दल विचारलं.

तोपर्यंत पोटापाण्यासाठी लॉ क्लार्क किंवा लीगल असिस्टंटची नोकरी चांगली. एक काळजी घ्या: परवाना मिळेपर्यंत स्वतःला वकील म्हणवू नका, सोशल मीडियावरच्या ओळखीतसुद्धा नाही, आणि ओळखीच्यांना कायदेशीर सल्ला देऊ नका. आपली माणसं विचारतातच, इमिग्रेशनचा फॉर्म बघून दे, घराचा करार वाचून दे. विनापरवाना वकिली हा इथे गुन्हा आहे आणि चारित्र्याच्या प्रश्नावलीत तो आडवा येतो. मी सगळ्यांना परवानाधारक वकिलांचे नंबर देत राहिले.

पहिल्या अर्जापासून शपथेपर्यंत मला तीन वर्षं लागली, त्यातले सात महिने फक्त ट्रान्सक्रिप्टचे. शेवटच्या फॉर्ममध्ये रोलवर नाव कसं हवं ते विचारतात. परवान्यावर, कोर्टाच्या कागदांवर, विम्याच्या पॉलिसीवर तेच नाव लागतं, म्हणून तो रकाना घाईत भरू नका. मी पासपोर्ट समोर ठेवून एकेक अक्षर लिहिलं आणि ते नावांचं पान याही फॉर्मला जोडलं.